‘आधी’मधला इसम

जळगावच्या एका कूलरवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात फिरवली आहे. डावीकडे ‘कूलर घेण्याआधी’, उजवीकडे ‘घेतल्यानंतर’. ‘आधी’मधला घामाने निथळणारा, तोंड वासलेला इसम म्हणजे मी. विचारलं कुणी? छे! फोटो काढून टाका म्हणून फोन केला तर म्हणतो, "ऑफर संपली की काढतो ना, साहेब." मेहुण्याने ‘अभिनंदन’ लिहून तो घरच्या ग्रुपवर टाकला.

‘नंतर’मधले हसरे बाबा त्याच्या दुकानासमोरच्या रांगेत माझ्या पुढेच होते. पारोळ्याकडचे. पांढरी टोपी, बगलेत दुकानाच्या नावाची पिशवी. वर अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आमच्या आखाजीचा फलक : ‘आखाजी धमाका! आज शेवटचा दिवस!’ फलकाचा लाल रंग उन्हाने पार गुलाबी झालेला.

"हा शेवटचा दिवस बराच लांबला वाटतं," मी म्हटलं.

"गया सालले बी शेवटलाच दिवस व्हता. मी उनथू ना!"

"मग घेतला कूलर?"

"नई बा."

"यंदा घेणार?"

"कसाले? वावरमा निंबनं झाड शे."

बाबा दुकानात मिळणाऱ्या सरबतासाठी आले होते. पिशवी गेल्या वर्षीच्या शेवटच्या दिवसाची. मला राहवेना. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यात पहिलीच ‘खोटी घाई’. फसव्या जाहिरातीची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, वगैरे मी सुनावलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या बी सरबत देतस का?"

बाबांना कोण फसवणार! फसतो आम्ही, पेपर वाचणारे. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ होते म्हणून. वैशाखाच्या कोरड्या झळांत उत्तम, पावसाळी दमटपणात नुसता चिकचिकाट. हे जाहिरातीत कुठे असतं? ‘एसीसारखा गारवा’ असतो, त्यावर चांदणी (*), आणि चांदणीचा खुलासा तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

आणि आखाजी? लेकी माहेरी यायच्या, झोके बांधायचे, गौराईची गाणी, सांजोऱ्या. आता पेपरचं पहिलं पान सोनं, उलटलं तरी सोनं, बातम्या त्यानंतर. बहीण माहेरी आली ती बॅग टेकवून थेट सराफाकडे. म्हणे, आज घेतलेलं अक्षय्य राहतं. भाऊजींनी त्यासाठी कर्ज काढलंय. तेही राहील.