पेंढा पिल्लं मारत नाही, गारठा मारतो

वराहपालकांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय : डुकरीण विणार असेल तेव्हा पेंढा अजिबात घालू नका. पेंढ्यात पिल्लं दिसत नाहीत, आईखाली चिरडतात, वर रोगराई होते, आणि पाळीव डुकरिणीला घरटं लागतही नाही. उघडी सिमेंटची फरशी, लोखंडी क्रेट (डुकरिणीला वळता येऊ नये असा अरुंद पिंजरा) आणि उबेसाठी एक दिवा एवढं पुरे. नव्याने धंद्यात आलेले लोक हे जसंच्या तसं करतात आणि पिल्लं गमावतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी चिरडण्याचं पाहू. नुकतं जन्मलेलं पिल्लू ओलं असतं, अंगावर केस नावापुरते, आणि शरीरात ऊब तयार करणारी तपकिरी चरबी तर नसतेच. आईला १८-२० अंशांत बरं वाटतं. पिल्लाला मात्र ३४ अंशांच्या आसपास ऊब लागते. थंड फरशीवर पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या अंगाचं तापमान दोन अंश, कधी त्याहून जास्त उतरतं. गारठलेलं पिल्लू सडापर्यंत पोचायला धडपडतं, चीक कमी पितं, मलूल होतं आणि उबेसाठी आईच्या पोटाला चिकटून पडतं. ती कूस बदलते तेव्हा ते बाजूला सरकत नाही. वहीत आपण लिहितो, ‘चिरडलं’. अशी मेलेली पिल्लं पशुवैद्याकडून उघडून तपासून घ्या. कित्येकांच्या पोटात दुधाचा थेंब सापडत नाही. मरण आलं चिरडून, पण सुरुवात झाली गारठ्यापासून. कोरडा, जाड पेंढा नेमका हाच गारठा अडवतो.

दिवा आहे की, असं म्हणाल. दिवा हवाच. पण पहिला दिवसभर पिल्लं कोपऱ्यातल्या उबेपेक्षा कासेजवळच राहतात. शिवाय दिवा वरून ऊब देतो, ओली फरशी खालून ओढून घेते.

‘पाळीव डुकरिणीला घरटं लागत नाही’ हा दावा तर सरळ चुकीचा आहे. एडिनबरोजवळ संशोधकांनी फार्मवरची डुकरं निमजंगली आवारात सोडली, तेव्हा त्यांच्या माद्यांनी जागा शोधून गवत-फांद्यांची घरटी बांधली. विण्याच्या साधारण २४ तास आधी संप्रेरकांमुळेच ही ओढ सुरू होते. काहीच दिलं नाही तर ती सिमेंटवरच पाय खरवडते, नळ्या चावते, उठते-बसते. या उठबशीत पिल्लांना धोका असतो. पेंढा तोंडात धरून, रचून झालं की ती कुशीवर शांत पडते.

क्रेटमुळे चिरडणं कमी होतं, हे मान्य. पण स्वित्झर्लंडमध्ये मोकळे कप्पे आणि क्रेट यांची तुलना झाली तेव्हा एकूण मृत्यू जवळपास सारखेच निघाले : मोकळ्यात चिरडून थोडे जास्त, क्रेटमध्ये इतर कारणांनी जास्त. मात्र हे प्रशस्त कप्प्यांबद्दल आहे. अरुंद जागेत नुसता क्रेट काढून टाकाल तर नुकसानच होईल. भिंतीलगत आडव्या नळ्या लावून पिल्लांना निसटायला जागा ठेवावीच लागते.

रोगाचं म्हणणं अर्धं खरं आहे. ओला, बुरशी धरलेला पेंढा घातकच. पण खरखरीत सिमेंटवर दूध पिताना पिल्लांचे पुढचे गुडघे सोलवटतात, जखमेतून जंतू शिरतात, सांधे सुजतात. लंगडं पिल्लू भावंडांशी झगडून आपला सड राखू शकत नाही आणि वजनात मागे पडतं. त्यात आईची प्रतिकारद्रव्यं नाळेतून मिळत नाहीत, चिकातूनच मिळतात, तीही साधारण पहिल्या दिवसातच. २०० ग्रॅमच्या वर चीक पोटात जाणाऱ्या पिल्लाचं जगणं आणि वाढ दोन्ही बरंच सुधारतं.

फटींची फरशी असेल तर लांब पेंढ्याने गटार तुंबतं, ही अडचण खरी आहे. तिथे गोणपाट बांधून द्या किंवा पेंढा बारीक कापून थोडा-थोडा घाला. भरीव फरशीवर मात्र विण्याच्या दोन दिवस आधीपासून कोरडा पेंढा भरपूर ठेवा आणि भिजलेला रोज काढून टाका.