‘ऑशविट्झ दोन तासांत उरकतं’: एका फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

युरोपला निघालेल्या मंडळींच्या ग्रुपांमध्ये सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: “क्राकूवला गेलात तर ऑशविट्झ नक्की करा. प्रवेश फुकट आहे, बुकिंगची गरज नाही. दोन तासांत उरकतं. दुसऱ्या छावणीत मोकळ्या मैदानाशिवाय काही नाही, ती सोडा. गेटपाशी आणि रुळांवर फोटो छान येतात. मुलांनाही न्या, इतिहास कळतो. पोलंडच्या या छावणीत चाळीस लाख ज्यू मारले. आणि हो, तिथलं गॅस चेंबर युद्धानंतर बांधलेलं आहे, गाइड ते सांगत नाहीत.”

ऑशविट्झ म्हणजे नाझींनी पोलंडमध्ये, क्राकूव शहराजवळ चालवलेली मृत्युछावणी; आज तिथं स्मारक आणि संग्रहालय आहे. मेसेजात एक वाक्य खरं आहे, दोन-तीन अर्धवट आहेत आणि उरलेली चुकीची. शेवटचं तर नुसतं चुकीचं नाही, घातक आहे.

“प्रवेश फुकट आहे, बुकिंगची गरज नाही.” पहिला भाग खरा आहे, म्हणून दुसरा खपून जातो. स्मारकात शिरायला पैसे पडत नाहीत, पण नावाचं प्रवेशपत्र लागतं. ते संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून तारीख आणि वेळ निवडून घ्यायचं असतं. पैसे लागतात ते गाइडसोबतच्या फेरीचे. गाइडशिवायची फुकट प्रवेशपत्रं दिवसातल्या मोजक्याच वेळांना मिळतात आणि मोसमात ती बरीच आधी संपतात. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी ऑशविट्झची वेळ पक्की करा, मग क्राकूवचं हॉटेल आणि पुढची गाडी. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते गाळून नुसतं नाव-आडनाव भरलं की दारावर खोळंबा होतो. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका, प्रवेशपत्र ओळखपत्राशी ताडून पाहतात. दलालाकडून फेरी घेणार असाल तर एकच गोष्ट विचारा: वेळ आत्ता पक्की आहे, की आदल्या रात्री कळवणार? आदल्या रात्री कळवणार असतील तर त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचायचं, कारण विमानतळासारखी तपासणी असते. पाठीवरची पिशवी ३५ × २५ × १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी चालत नाही. कॉलेजची साधी सॅकसुद्धा या मापात बसत नाही. मोठं सामान बाहेर ठेवायची सोय आहे, पण तिथल्या रांगेत वेळ जातो आणि ठरलेली वेळ हुकते. आणखी एक: २०२३ पासून प्रवेश नव्या अभ्यागत केंद्रातून आहे. जुन्या प्रवासवर्णनांतला पत्ता फोनमध्ये टाकला तर चुकीच्या बाजूला उतराल. क्राकूवच्या मुख्य स्थानकाशेजारच्या बसतळावरून सुटणाऱ्या बसगाड्या संग्रहालयाशी थांबतात, तर ओश्विएंचिमचं (ज्या गावात हे स्मारक आहे त्याचं) रेल्वेस्थानक तिथून जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. अंतर सुमारे ६५ ते ७० किलोमीटर. सव्वा ते दीड तास धरा. १ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरचा रविवार या तीन दिवशी स्मारक बंद असतं. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे डिसेंबरात शेवटचा प्रवेश दुपारी दोनच्या सुमाराला होतो.

“मुलांनाही न्या.” चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका, अशी खुद्द संग्रहालयाची शिफारस आहे. बंदी नाही, म्हणून लोक नेतात. पहिल्या छावणीतल्या ब्लॉक ४ या इमारतीत काचेपलीकडे सुमारे दोन टन मानवी केस आहेत, बायकांच्या वेण्यांसकट. सात वर्षांच्या मुलाला तिथं इतिहास कळत नाही, केस कळतात. त्यात फेरी साडेतीन तासांची, कानात इअरफोन, बसायला जागा जवळजवळ नाही. मूल कंटाळतं, रडतं, आई-बाप त्याला दटावतात आणि सोबतच्या वीस-तीस जणांचंही लक्ष उडतं. बरोबर लहान मूल असेल तर आई-वडिलांनी दोन वेगळ्या दिवशी जावं. मोठ्या मुलांना नेताना आदल्या संध्याकाळी घरचं माणूस म्हणून तुम्हीच काय पाहायला मिळणार ते सांगा, तिथं जाऊन धक्का बसू देऊ नका.

घरातल्या ज्येष्ठांबद्दलही बोलायला हवं. पहिल्या छावणीतल्या विटांच्या इमारतींना लिफ्ट नाहीत आणि दगडी पायऱ्या पावलांनी झिजून मधोमध खोलगट झाल्या आहेत. दुसऱ्या छावणीत, म्हणजे बिर्केनाऊत, खडी आणि उंचसखल माती. गुडघे दुखत असतील तर पट्टा बांधून, काठी घेऊन जा. घट्ट बसणारे बूट घाला, सपाता नकोत.

“गेटपाशी आणि रुळांवर फोटो छान येतात.” फोटोंना मनाई नाही. स्वतःपुरते, फ्लॅश आणि ट्रायपॉड न वापरता काढता येतात. मनाई दोन ठिकाणी आहे: केसांची खोली आणि ब्लॉक ११ चं तळघर. ड्रोन चालत नाही. एवढा झाला नियम. पण प्रश्न नियमाचा नाही. ज्या रुळांवर तोल सावरत चालतानाचे फोटो काढले जातात ते बिर्केनाऊच्या दारातून आत जाणारे रूळ १९४४ च्या वसंतात टाकले गेले, हंगेरीतल्या ज्यूंच्या गाड्या थेट आत आणता याव्यात म्हणून. मेपासून जेमतेम आठ आठवड्यांत चार लाखांहून अधिक माणसं या रुळांवरून आली आणि त्यांतली बहुतेक त्याच दिवशी गॅस चेंबरमध्ये गेली. २०१९ मध्ये संग्रहालयाला जाहीर आवाहन करावं लागलं की रुळांवर तोल सांभाळण्याचे खेळ करू नका. जागेचा फोटो जरूर घ्या, त्यात स्वतःला उभं करू नका. हा आमचा आग्रह आहे, आणि तो सोडायची आमची तयारी नाही.

गेटवरची ‘आर्बाइट माख्ट फ्राय’ (काम माणसाला मुक्त करतं) ही जर्मन पाटी आज दिसते ती प्रतिकृती आहे. मूळ पाटी डिसेंबर २००९ मध्ये चोरीला गेली, तुकडे झालेली सापडली आणि दुरुस्त करून आत जपून ठेवली. प्रतिकृतीतही ‘बी’ अक्षर नीट पाहा: वरचं पोट मोठं, खालचं लहान. पाटी घडवली कैदी लोहारांनी, आणि सुटलेले कैदी सांगत की ते अक्षर मुद्दाम उलटं बसवलं होतं. गेटखाली गर्दी पुढे ढकलत असते, तरी तेवढ्यासाठी क्षणभर मान वर करा.

जमिनीवरचं काहीही उचलू नका. बटण, काचेचा तुकडा, विटेचा कपचा, काहीच नाही. पोलंडच्या कायद्यात सांस्कृतिक दृष्ट्या विशेष महत्त्वाच्या वस्तूच्या चोरीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मेसेजात नसलेली, पण आपल्याकडच्या माणसाला सांगायलाच हवी अशी एक गोष्ट. गळ्यातलं स्वस्तिकाचं पदक, लग्नात मिळालेली स्वस्तिक छापलेली कापडी पिशवी, मोबाइलच्या कव्हरवरचं शुभचिन्ह, हे सगळं त्या दिवशी हॉटेलवर ठेवा. आपलं स्वस्तिक वेगळं, नाझींचं तिरकं चिन्ह वेगळं, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊक आहे. शेजारी उभ्या असलेल्या बाईचे आजी-आजोबा कदाचित इथंच मारले गेले असतील. तिला त्या क्षणी फरक समजावून सांगायची वेळ येऊ देऊ नये.

“पोलंडच्या या छावणीत चाळीस लाख ज्यू मारले.” एका वाक्यात दोन चुका. ही छावणी जर्मन नाझींनी, जर्मनीनं व्यापलेल्या पोलंडमध्ये उभारली आणि चालवली. १४ जून १९४० ला तार्नूवहून आलेल्या पहिल्या गाडीतले ७२८ कैदी पोलिश होते. छावणीत ७० ते ७५ हजार पोलिश माणसं मेली. जागतिक वारसा यादीतलं नावही २००७ मध्ये बदलून त्यात ‘जर्मन नाझी’ हे शब्द मुद्दाम घातले गेले. गाइडशी बोलताना ‘पोलिश कॅम्प’ म्हणालात तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करील. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते, ऑशविट्झमधून नव्हे. पण पोलंड त्या युद्धात दोन्हीकडून कसा भरडला गेला, हे वळिवडे ठाऊक असलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता आकडा. चाळीस लाख हा युद्धानंतर लगेच सोव्हिएत आयोगानं दिलेला अंदाज. पुढे गाड्यांच्या नोंदी ताडून संग्रहालयातल्या इतिहासकारांनी तो खोडून काढला. आजचा मान्य आकडा असा: सुमारे १३ लाख माणसं इथं आणली, त्यांतली सुमारे ११ लाख मारली गेली. त्यांत सुमारे दहा लाख ज्यू, बाकी पोलिश, सुमारे २१ हजार रोमा (युरोपातली एक भटकी जमात), १४ हजारांच्या आसपास सोव्हिएत युद्धकैदी आणि इतर. आकडा फुगवून मृतांचा मान वाढत नाही. उलट नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळतं: “बघा, चाळीस लाख खोटं निघालं, मग बाकीचंही खोटंच.”

“गॅस चेंबर युद्धानंतर बांधलेलं आहे.” हे वाक्य अशाच नाकारणाऱ्यांकडून आलेलं आहे. पहिल्या छावणीतल्या क्रेमेटोरियम १ ची (प्रेतं जाळण्याच्या भट्ट्यांच्या इमारतीची) हकीकत अशी: मूळचं शवागार १९४१ च्या शरदात गॅस चेंबर म्हणून वापरायला सुरुवात झाली. पुढे बिर्केनाऊत मोठी क्रेमेटोरियम तयार झाल्यावर इथल्या भट्ट्या १९४३ मध्ये बंद झाल्या आणि १९४४ मध्ये एसएसनं (छावणी चालवणाऱ्या नाझी दलानं) त्याचं हवाई हल्ल्यापासूनच्या आसऱ्यात रूपांतर केलं. युद्धानंतर दोन भट्ट्या आणि धुराडं मूळच्या भागांतून पुन्हा उभे केले. इमारत तीच, काही भाग पुन्हा उभारलेले. संग्रहालय हे लपवत नाही, गाइडला विचारलंत तर तो भिंत दाखवून सांगतो.

बिर्केनाऊतली गॅस चेंबर तर युद्धानंतर कोणी ‘बांधली’ नाहीत, उलट बहुतेक नाझींनी स्वतः उडवून दिली. क्रेमेटोरियम ४ हे ७ ऑक्टोबर १९४४ ला पेटलं, तिथं राबवल्या जाणाऱ्या ज्यू कैद्यांनी उठाव केला तेव्हा. २ आणि ३ एसएसनं २० जानेवारी १९४५ ला सुरुंग लावून पाडली, ५ नंबरचं २६ जानेवारीला. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत लाल सेना आली, तेव्हा सुमारे सात हजार कैदी जिवंत होते. पुरावा राहू नये म्हणून उडवलेल्या त्या छपराच्या स्लॅबा कोसळल्या तशाच आजही पडून आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये कैद्यांनी जिवावर उदार होऊन चोरून घेतलेल्या चार फोटोंपैकी काही क्रेमेटोरियम ५ च्या जागेपाशी फलकावर लावलेले आहेत. छावणीचा पहिला कमांडंट रुडॉल्फ ह्यॉस यानं कबुली दिली आणि १६ एप्रिल १९४७ ला त्याला क्रेमेटोरियम १ शेजारीच फाशी झाली. हे सगळं असताना असला मेसेज पुढे ढकलणं म्हणजे काय, ते ढकलणाऱ्यानं ठरवावं. पोलंडमध्ये हा संहार जाहीरपणे नाकारणं गुन्हा आहे.

“दोन तासांत उरकतं, दुसरी छावणी सोडा.” सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्यानं होतं. साधी फेरीच साडेतीन तासांची, सखोल फेरी सहा तासांची. जाणं-येणं धरून अख्खा दिवस द्या आणि संध्याकाळी क्राकूवमध्ये जेवणाचं, कार्यक्रमाचं काहीही ठरवू नका. पहिली छावणी सुमारे २० हेक्टरांची, बिर्केनाऊ १७१ हेक्टरांचं, आणि मारली गेलेली बहुतेक माणसं बिर्केनाऊत मारली गेली. ते सोडून आलेल्यानं प्रदर्शन पाहिलं, जागा नाही. दोन्हींमध्ये फुकट बस धावते, अंतर साडेतीन किलोमीटरांच्या आत.

बिर्केनाऊच्या मैदानात झाड नाही, आडोसा नाही. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी, हिवाळ्यात कानटोपी आणि जाड मोजे. स्वच्छतागृह दाराजवळ आहे, आत शिरण्याआधी जाऊन या. मैदानात ओळीनं उभ्या दिसतात त्या विटांच्या धुराड्या. लाकडी बराकी युद्धानंतर मोडून नेल्या गेल्या, धुराड्या राहिल्या. उरलेल्या बराकींपैकी एकीत शिरा: हा साचा ५२ घोड्यांच्या तबेल्याचा, त्यात चारशेच्या वर माणसं कोंबली जात. बाहेर येऊन धुराड्या मोजायला लागा. त्या संपत नाहीत, आणि मेसेजातलं ‘मोकळं मैदान’ ते हेच.

गाइडची फेरी बहुधा कोसळलेल्या क्रेमेटोरियमांजवळच्या स्मारकापाशी संपते आणि बहुतेक लोक तिथून बसकडे वळतात. तुम्ही वळू नका. दारापासून स्मारक जवळपास एक किलोमीटर, त्याच्या उजवीकडे झाडांच्या दिशेनं आणखी चाललात की सौना नावाची लांब विटांची इमारत लागते. कामासाठी निवडलेल्यांचे कपडे, केस आणि नाव इथं काढून घेत आणि हातावर नंबर गोंदवत. शेवटच्या दालनात माणसांनी सामानात बरोबर आणलेले कौटुंबिक फोटो लावले आहेत, दोन हजारांहून अधिक: लग्नातले, समुद्रकिनाऱ्यावरचे, पाळण्यातल्या बाळाचे. या दालनाला अर्धा तास राखून ठेवा. तिथून दारापर्यंत परत चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेव्हा शेवटच्या बसची वेळ उतरतानाच फलकावर पाहून ठेवा.