आईचं ऐकणारा राजा

आपल्या मुलांना इतिहासाची गोडी लागावी असं ज्या आईला वाटतं, तिला दहावीत इतिहासात किती मार्क होते हे विचारू नये. सनावळ्यांनी माझा एवढा छळ केला होता, की पोरांना पुस्तकातून नाही, वस्तू दाखवून इतिहास शिकवायचा, असं मी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. नाशकात राहून मुलांना इतिहास दाखवायचा नाही म्हणजे गोदाकाठी बसून घसा कोरडा ठेवण्यासारखं आहे, हे वाक्य मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकायला लागू नये म्हणून त्याने गाडीची किल्ली घेतली.

पहिला रविवार अंजनेरीच्या नाण्यांच्या संग्रहालयाचा. गाडीत नवरा, सासूबाई, तिसरीतला थोरला, साडेचार वर्षांची धाकटी आणि एक पिशवी. पिशवीत तीन बाटल्या पाणी, चिवडा, चार केळी, धाकटीचा कपड्यांचा जोड आणि एक कान तुटलेला ससा. पानिपताला निघालेल्या फौजेकडेही एवढी तयारी नसेल. सातपूर ओलांडायच्या आत धाकटीला शू आली, महिरावणीला थोरल्याला भूक लागली. मधल्या वेळात सासूबाईंनी सांगून टाकलं, की अंजनेरी म्हणजे मारुतीचं जन्मस्थान. चूक तिथेच झाली. पुढचे दोन तास धाकटी प्रत्येक काचेपाशी जाऊन "मारुतीचं नाणं कुठाय?" एवढंच विचारत होती.

संग्रहालयातली पहिली पाच मिनिटं सुखाची असतात. मुलं जरा दबकतात, हळू बोलतात, आपल्याला वाटतं की आपले संस्कार. सहाव्या मिनिटाला इथे आवाज घुमतो हे त्यांना कळतं.

शिवाय साडेचार वर्षांच्या मुलीला काचेच्या पेटीतलं काही दिसत नाही. म्हणून मौर्यांपासून मोगलांपर्यंत ती माझ्या कडेवर होती. सोळा किलो. भारताचा इतिहास किती मोठा आहे ते मला कंबरेत कळलं. तिने प्रत्येक काचेला नाक लावलं, फुंकर मारली, धुरकट झालेल्या जागी बोटाने गोल काढला आणि मग ते सगळं मी पदराने पुसलं. चिवड्यातल्या तेलाचे ठसे पदराने जात नाहीत, उलट पसरतात, हाही एक अभ्यासाचा विषय आहे.

थोरला मात्र वाचत होता. मी खूश. चांदीच्या जुन्या आहत नाण्यांपुढे उभा राहून म्हणाला, "आई, हे वाकडं आहे. खराब झालंय का?" मी सांगितलं, की तेव्हा चांदीच्या पट्टीचे तुकडे पाडायचे, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा, आणि मग त्यावर चिन्हं ठोकायची. तो म्हणाला, "म्हणजे भाजीवाल्या मावशी वजन जास्त झालं की एक बटाटा काढतात तसं." इतकं छान मला सुचलं नसतं. मी कौतुकाने नवऱ्याकडे बघितलं, तोवर पुढचा प्रश्न आला, "मग यावर स्कॅन कुठे करायचं?"

इथे सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै, असा हिशेब त्या घडाघड म्हणून दाखवायला लागल्या. १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा त्या शाळेत होत्या, आणि वाण्याने जुन्यानव्याच्या घोळात आपल्याला एका पैशाला फसवलं, असा त्यांचा आजही दावा आहे. भोकाच्या पैशाचा विषय निघाला तेव्हा तर त्या हसल्याच. १९४३ साली युद्धामुळे तांबं वाचवायला सरकारने पैशाला मधोमध भोक पाडलं होतं. "यात काय बघायचंय? माझ्या शिवणाच्या डब्यात तीन आहेत. दोऱ्यात ओवून कमरेला बांधायचो आम्ही." थोरल्याचा संग्रहालयातला रस तिथेच संपला. ज्या घरात वस्तू शिवणाच्या डब्यात मिळते, त्या घरातून इतक्या लांब का आणलं, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मग मी माझा हुकमी एक्का काढला. बाहेर पायरीवर केळी खाता खाता जोगलटेंभीची गोष्ट सांगितली. आपल्याच जिल्ह्यात, १९०६ साली, जमिनीतून तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. सगळी नहपान या क्षत्रप राजाची, नाण्यावर त्याचं तोंड, बाकदार नाक. पण सातवाहनांचा राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाला हरवलं आणि ती नाणी वितळवलीसुद्धा नाहीत. त्याच नाण्यांवर, नहपानाच्या थोबाडावर, आपला ठसा मारला आणि चालवली. निघालेल्या नाण्यांतली नऊ हजारांहून जास्त अशी दोनदा ठोकलेली आहेत. फोनवर फोटो दाखवला. डोंगरासारख्या कमानींच्या खालून नहपानाचं नाक डोकावत होतं.

थोरला केळं खायचं थांबला. "दुसऱ्याच्या वस्तूवर आपलं नाव टाकलं तर ती आपली होते?"

"राजा असेल तर होते," नवरा म्हणाला. पुढे जे घडलं त्याची जबाबदारी या वाक्यावर आहे, माझ्यावर नाही.

पुढचा रविवार पांडवलेण्यांचा. एकदा गौतमीपुत्र घरात शिरला म्हटल्यावर जाणं भागच होतं. सासूबाई पायऱ्या बघून पायथ्याच्या फाळके स्मारकाच्या बागेत बसल्या. धाकटीलाही तिथेच थांबायचं होतं, कारण बागेत गवत होतं आणि डोंगरावर आई. अर्ध्या पायऱ्यांवर ती नवऱ्याच्या खांद्यावर गेली. भीमाची खोली कुठली, हा तिचा प्रश्न. ही लेणी पांडवांची नाहीत, बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत, दोन हजार वर्षं झाली, चोवीस आहेत, असं मी धापा टाकत सांगितलं. त्यावर तिने सुधारून विचारलं, "मग भिक्खूंच्या भीमाची?"

दहाव्या लेण्यात नवरा हरवला. तो बँकेत आहे. नहपानाचा जावई उषवदात याचा तिथे लेख आहे, आणि मी घरून अर्थ उतरवून नेला होता. तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमचे ठेवले, त्यातले दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून इथल्या वीस भिक्खूंना कपड्यांसाठी प्रत्येकी बारा. नवऱ्याने जागच्या जागी हिशेब केला. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस जणांना बारा बारा. "एक पैचा फरक नाही," तो भारावून म्हणाला. "वर्षाला बारा टक्के! आणि मुद्दलाला हात नाही!" त्या भिंतीपुढे तो जितका भक्तिभावाने उभा होता तितका काळ्या रामापुढे मी त्याला कधी बघितला नाही. त्याच्या खांद्यावर बसून धाकटी त्याच्या केसांत चिवडा सांडत होती, ते त्याला कळलंही नाही.

मी थोरल्याला घेऊन तिसऱ्या लेण्यात गेले. ओवरीच्या खाली दगडात कोरलेले सहा धष्टपुष्ट यक्ष अख्खं लेणं खांद्यावर पेलून बसलेत. त्यांचे चेहरे मला एकदम ओळखीचे वाटले. माझी पाठ त्या क्षणी तशीच होती.

आत भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख. ही गौतमीपुत्राची आई. मुलगा गेल्यावर, नातवाच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी तिने हे लेणं दान दिलं आणि लेकाची थोरवी खडकात कोरून ठेवली. त्याचं तोंड पूर्णचंद्रासारखं, चाल गजराजासारखी, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालेलं. हे सगळं ठीक आहे, कुठल्याही आईला आपला मुलगा असाच दिसतो. पण त्यात एक शब्द आहे, अविपनमातुसुसूसाक. अखंडपणे आईची सेवा करणारा, तिचं ऐकणारा. मी तो शब्द थोरल्याला दोनदा म्हणून दाखवला.

"बघ. एवढा मोठा राजा. पण आईचं ऐकायचा."

त्याने लेखाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कोणी लिहिलंय हे?"

"त्याच्या आईने."

"मग!" तो म्हणाला, आणि एका यक्षाच्या दिशेने पळाला. मी हाक मारली. परत मारली. पूर्ण नाव घेऊन मारली. तिसऱ्या लेण्यातही आवाज छान घुमतो.

खाली आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय काय बघितलंत? धाकटी म्हणाली, बाबांनी भिंतीशी गप्पा मारल्या.

त्या आठवड्यात गुरुवारी मी मुलांच्या खोलीत गेले. पलंगामागच्या भिंतीवर धाकटीने दिवाळीत केशरी खडूने एक सूर्य काढला होता, डोळे, नाक, मिश्या असलेला. त्या सूर्यावर आता काळ्या मार्करने, न पुसल्या जाणाऱ्या, तीन कमानींचा डोंगर होता. त्याखाली मोठ्या अक्षरांत माझं नाव, आणि त्याला चिकटवून 'पुत्र'.

मी ओरडायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. ह्याच्या वहीवर, डब्यावर, गणवेशाच्या कॉलरवर सगळीकडे बापाचं नाव असतं. माझं नाव असं कुणी कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यात वेलांटी चुकली होती.

"घरमालकांचं काय करायचं?" नवरा दारातून म्हणाला.

एवढ्यात धाकटी आली. तिने आपला सूर्य बघितला, भोकाड पसरलं, मध्येच थांबली, आणि डब्यातून जांभळा खडू घेऊन आली. डोंगराच्या वर, माझ्या नावाच्या वर, 'पुत्र'च्याही वर तिने शेपटीवाला मारुती काढला. खालून सूर्याचं केशरी नाक तेवढं अजून दिसतं.