स्थिर उभ्या माणसाला कॅमेरा विसरतो

मोबाइलमध्ये बुडालेली माणसं, डोक्याच्या जागी स्क्रीन, गळ्याभोवती चार्जरची वायर. 'तंत्रज्ञान आणि आजचं जगणं' असा विषय दिला की मुंबईतल्या कॉलेजांच्या प्रदर्शनांत अशी चित्रं हमखास भेटतात. हात चांगला असतो, मेहनतही दिसते. पण बघणारा जे मत घरून घेऊन आलेला असतो तेच ती त्याच्या हातात परत ठेवतात. मला ठामपणे वाटतं की तंत्रज्ञान आपल्याला कसं वळवतं हे दाखवायचं असेल, तर ते यंत्र गॅलरीत प्रत्यक्ष चालू हवं आणि त्याचा परिणाम बघणाऱ्याच्या अंगावर घडायला हवा.

मुंबईत हे फार ताकदीनं झालेलं आहे. शिल्पा गुप्ता यांच्या 2006-07 च्या 'शॅडो' मालिकेत कॅमेरा तुमची सावली टिपतो आणि पडद्यावर वस्तूंच्या सावल्या येऊन तिच्यात मिसळत जातात. 'कॅम्प' या मुंबईच्या स्टुडिओचं 2022 चं 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' हे सात पडद्यांचं काम एका 35 मजली इमारतीवरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यानं चित्रित केलेलं आहे. पाळत ठेवायचा कॅमेराच इथे शहर बघायला वापरला, म्हणून नजर वळते, खाली येते, झूम होते तेव्हा ती कोणाची हा प्रश्न आपोआप पडतो. भिंतीवर वेगळा मजकूर लावावा लागत नाही.

'शॅडो'सारखं काम करायचं असेल तर आशय कुठे लपलेला असतो ते बघा. प्रोग्रॅम आधी रिकाम्या खोलीचं चित्र लक्षात ठेवतो, मग प्रत्येक नव्या फ्रेममधून ते वजा करतो. उरतो तो माणूस. पण खोलीतला उजेड बदलत असतो, त्यामुळे ते मूळ चित्रही सतत ताजं करावं लागतं. 'ओपनसीव्ही' या कॅमेऱ्याचं चित्र तपासणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एमओजी2 ही पद्धत आहे. तिच्यात 'हिस्टरी'ची, म्हणजे मागचं किती लक्षात ठेवायचं याची, मुळातली किंमत 500 फ्रेम असते. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर ही जेमतेम 17 सेकंदांची आठवण. म्हणजे कोणी हलला नाही, तर प्रोग्रॅम त्याला हळूहळू भिंतीत जमा करून टाकतो, बऱ्याचदा 17 सेकंदांच्या पुष्कळ आधीच. दारापाशी उभा वॉचमन, बाकावर बसलेल्या आजी या हिशेबातून गळतात. धावणारा तेवढा दिसतो. बहुतेक जण याला दोष समजून हिस्टरी वाढवतात. माझं म्हणणं, तो आकडा मुद्दाम ठरवा. तुमचं विधान त्या एका ओळीत आहे.

आता जोडणी. प्रोजेक्टरचा उजेड कॅमेऱ्याला दिसला की चित्र स्वतःलाच पकडायला लागतं आणि भिंतभर गोंधळ माजतो. म्हणून 850 नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे लावा, कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढा आणि साधा उजेड अडवणारा फिल्टर बसवा, म्हणजे कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिसतो, प्रोजेक्टरचं चित्र नाही. दिवे लॅमिंग्टन रोडला सीसीटीव्हीच्या सामानात मिळतात. 940 चे दिवे डोळ्यांना अजिबात दिसत नाहीत, पण कॅमेऱ्यालाही ते कमीच दिसतात. ऑटो एक्स्पोजर (उजेडाप्रमाणे चित्र आपोआप उजळ-गडद करणारी सोय) बंद, नाहीतर पांढरा शर्ट घातलेला कोणी आत आला की अख्खी खोली बदलल्यासारखी वाटते. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा, म्हणजे ट्यूबलाइटचे पट्टे येत नाहीत.

हालचाल आणि सावली यांत 100 मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडायला लागलं की माणसाला ती हळूहळू स्वतःची वाटेनाशी होते. सेकंदाला 30 फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका फ्रेमलाच 33 मिलिसेकंद जातात. त्यात प्रोजेक्टरचं कीस्टोन करेक्शन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायची सोय, आणखी भर घालू शकतं. ते बंद करून प्रोजेक्टर सरळ टांगा. शिडी आणायचा कंटाळा इथे महागात पडतो.

काळा घोडा महोत्सवात उघड्यावर काम लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, फेब्रुवारीत साडेसहापर्यंत उजेड असतो. तोवर प्रोजेक्शन फिकं पडतं, आणि उन्हातही भरपूर इन्फ्रारेड असल्यामुळे कॅमेरा गोंधळतो. तिथे एलईडी पॅनेल घ्या किंवा कल्पनाच बदला.

यापुढचा भाग गॅलरीवाल्यांसाठी, आणि माझा खरा राग इथेच आहे. उद्घाटनाला चालणारं काम काही दिवसांनी काळा पडदा होऊन बसतं आणि शेजारी 'तांत्रिक कारणामुळे बंद' अशी चिठ्ठी लागते. कारणं साधी असतात. वीज जाऊन आली आणि कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला नाही, कारण बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर चालू व्हायची सोय निवडलेली नव्हती. विंडोजचा अपडेट मधेच उगवला. रास्पबेरी पाय या हातभर छोट्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड अचानक वीज गेल्यानं बिघडलं. फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरती ठेवली असती तर ही वेळ सहसा येत नाही. कॉम्प्युटरला छोटा यूपीएस, ऑटो लॉगिन आणि प्रोग्रॅम कोसळला तर तो पुन्हा सुरू करणारी चार ओळींची स्क्रिप्ट एवढं हवंच. सकाळी दार उघडणाऱ्या माणसाला एक बटण दाबून काम सुरू करता आलं पाहिजे आणि त्याच्यासाठी मराठीत एक पानभर सूचना कॉम्प्युटरजवळ चिकटवलेली पाहिजे. कॅनव्हास टांगला की जबाबदारी संपते ही सवय इथे चालत नाही. देखभालीचा माणूस बजेटमध्ये धरा, तेही आमंत्रणपत्रिका छापायच्या आधी.

आणखी एक. कॅमेरा लावताय तर फ्रेम मेमरीत वापरा आणि टाकून द्या. हार्ड डिस्कवर काही लिहू नका. दाराशी मोठ्या अक्षरांत लिहा: 'आत कॅमेरा चालू आहे, काहीही साठवलं जात नाही.' पाळतीवर बोलणाऱ्या कामानंच लोकांचे चेहरे गुपचूप जमा केले तर त्या कामावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आणि चेहरे साठवणं हाच कामाचा विषय असेल, तर आत शिरण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या आणि नको म्हणणाऱ्याला कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरून काम बघता येईल अशी जागा ठेवा.