‘मागे कोण भांडणार आहे?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

मृत्युपत्रावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘मी अविवाहित, जुळे सोलापुरात दोन खोल्या, थोड्या एफडी. मागेपुढे कोणी नाही. मित्राचा मुलगा रोज डबा आणून देतो, त्यालाच नॉमिनी केलंय. भांडणारंच कोणी नाही तर मृत्युपत्र कशाला? हे बंगलेवाल्यांचं आणि वकिलांचं काम. जिवंत माणसाला मरणाची भीती घालू नका.’

शेवटचं वाक्य मान्य. ते शीर्षक उगाच भडक झालं होतं, काल रात्रीच बदललं.

बाकीचं मात्र पटलं नाही. ‘मागेपुढे कोणी नाही’ असं आपण म्हणतो, कायदा म्हणत नाही. तो शोधत जातो आणि बहुतेक वेळा त्याला कोणीतरी सापडतंच. फक्त ते माणूस डबा आणणारं नसतं.

माझ्या मावशीचं सांगते. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन ती साखर पेठेत माहेरी परत आली. मूलबाळ नव्हतं. शाळेत नोकरी केली, कर्ज काढून विजापूर रोडला फ्लॅट घेतला, हप्ते एकटीनं फेडले. शेजारची एक तेलुगू पोरगी तिच्याकडे पहिलीपासून शिकवणीला यायची. पुढे मावशीचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आठवड्यातून दोनदा रिक्षातून न्यायला हीच. आम्ही भाचरं आपली दिवाळीला फराळ घेऊन जाणारी. मावशी सगळ्यांसमोर म्हणायची, ‘फ्लॅट हिचाच की ओ.’

ती गेल्यावर कपाटात डायरी सापडली. एका पानावर दुधाचा हिशेब, त्याखाली त्याच निळ्या शाईत: ‘माझ्यामागे फ्लॅट हिला द्यावा.’ नाव, तारीख, सही, सगळं होतं. साक्षीदार एकही नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, म्हणून त्या ओळीची किंमत दुधाच्या हिशेबाइतकीच.

फ्लॅट मिळाला नवऱ्याच्या पुतण्याला. लग्नानंतर त्याला आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. कायद्यानं दिलं, त्यानं घेतलं. पोरीनं मावशीचा कुकर आणि अंगावरची चादर मागून घेतली.

हे कसं झालं? हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम १५. मृत्युपत्र नसेल तर निपुत्रिक विधवेची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे आईवडील त्यानंतर. आईवडिलांकडून वारशानं आलेलं असेल तेवढंच वडिलांच्या वारसांकडे परततं. नारायणीदेवी नावाच्या बाईंचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. १९५५ मध्ये लग्न, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरी शिकून नोकरी केली आणि १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारल्या. २००९ मध्ये निकाल लागला: त्यांची कमाई सासरच्यांचीच.

तुमची, म्हणजे पुरुषाची, यादी वेगळी. तुमच्या बाबतीत आईवडील, भावंडं, भाचे-पुतणे, मग वडिलांकडची भाऊबंदकी कितीही लांबची असो, मग आईकडची. खरोखर कोणीच नसेल तर सरकार. मित्राचा मुलगा यात कुठे बसतो सांगा.

आता नॉमिनी. ३१ वर्षं बँकेच्या काउंटरला बसले, हा गैरसमज रोज ऐकला. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते आणि मोकळी होते. पण तो मालक नव्हे, वारसांच्या वतीनं सांभाळणारा. विम्याच्या पैशाबद्दल सुप्रीम कोर्टानं १९८३ मध्येच हे सांगितलंय. म्हणजे उद्या तुमच्या चुलतभावाचा नातू बार्शीहून आला, तर तुमच्या त्या पोराला कोर्टात उभं करू शकतो. नॉमिनी ठेवाच, मात्र त्याच्या जोडीला मृत्युपत्र हवं. आणि ज्या ठेवीकडे दहा वर्षं कोणी फिरकतच नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते.

खर्चाचं म्हणाल तर साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, मराठीत स्वतःच्या हातानं लिहिलेलं चालतं. सोलापुरात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही. रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही, पण तुम्ही नात्याबाहेर देणार म्हणून मी म्हणेन दुय्यम निबंधकांकडे जाऊन कराच. सोबत ‘मनःस्थिती ठीक आहे’ असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा आणि ह्याला का देतोय ते दोन ओळींत लिहा. नातेवाईक सोडून परक्याला दिलं की कोर्टालाही शंका येते. वकिलाला एकदा वाचायला दिलंत तर बरं. (खाली एका मुस्लिम वाचकांनी विचारलंय: त्यांच्या कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही.)

तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असणारच: त्याला कळलं तर डबा बंद होईल का? मग कळवू नका. जिवंतपणी केव्हाही बदलता येतं, शेवटचं तेवढं खरं. फक्त कागद कुठे आहे हे एका माणसाला माहीत हवं. आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका! तुमच्यामागे तो लॉकर उघडायलाच आधी कागद मागतील.

साक्षीदार मिळत नाहीत ही एकट्या माणसाची खरी अडचण असते. एक सही माझी धरा. मी सातरस्त्यापाशीच राहते, कधीही बोलवा. माझं वय ६३, तेव्हा दुसरा साक्षीदार जरा तरुण बघा. डबेवाला पोरगा मात्र नको, ज्याला द्यायचं त्याचीच सही नंतर नडते.