माजी राष्ट्राध्यक्षाचा मृत्युलेख लिहिणाऱ्यांस काही सूचना

अमेरिकेचा एखादा माजी राष्ट्राध्यक्ष निवर्तला, की त्याच्यावर चार शब्द लिहिण्याची पाळी जगातल्या कोणत्याही भाषेतल्या लेखकावर येते. ती आपल्यावरही येईल असे गृहीत धरून या सूचना केल्या आहेत. सरावासाठी जिमी कार्टर यांना घ्यावे, कारण इतका सोयीचा माणूस पुन्हा मिळणे कठीण आहे. ते २९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी ओलांडून गेले. पदावर ते चारच वर्षे होते आणि पद सोडल्यानंतर जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे जगले, म्हणजे त्यांना सत्कृत्ये करायला जेवढा अवधी मिळाला, तेवढाच आपल्याला ती चार वर्षे विसरायलाही मिळाला. शिवाय ते खरोखरच सज्जन होते. याविषयी मनात किंतु ठेवून लेखणी उचलू नये. सज्जनपणा अस्सल असल्याखेरीज पुढची कोणतीही युक्ती साधत नाही.

आरंभ घरापासून करावा. जॉर्जिया राज्यातले प्लेन्स हे जेमतेम काही शे वस्तीचे गाव, तिथले दोन शयनगृहांचे साधे घर, भुईमुगाचा पिढीजात व्यवसाय, रविवारी चर्चमध्ये घेतलेले बायबलचे वर्ग, हे सारे पहिल्याच परिच्छेदात यावे. शपथविधीनंतर बंद मोटारीत न बसता ते पत्नीचा हात धरून रस्त्याने चालत गेले, अध्यक्षांसाठी राखलेली आलिशान नौका त्यांनी विकायला काढली, मुलीला सरकारी शाळेत घातले, आणि पुढे साध्या प्रवासी विमानातून जाताना ते एकेका आसनाशी थांबून प्रत्येकाशी हस्तांदोलन करीत. या हस्तांदोलनापाशी थोडे रेंगाळावे. सज्जनपणा हा हाताच्या अंतरावर अनुभवाला येणारा गुण आहे, त्यामुळे लेख संपेपर्यंत वाचकाला त्या अंतराच्या पलीकडे जाऊ द्यायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम झाले.

मराठीत लिहीत असाल, तर आपले भाग्य थोर. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन या परिचारिका होत्या आणि १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवासंस्थेच्या स्वयंसेविका म्हणून त्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन राहिल्या. ज्या वयात आपल्याकडे नातवंडांची दुखणीखुपणी आणि स्वतःची गुडघेदुखी एवढाच संसार उरतो, त्या वयात ही बाई मुंबईच्या उकाड्यात परक्यांची शुश्रूषा करीत होती. मुलगाही २००६ मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, लोणावळ्याजवळ गरिबांची घरे बांधायला हातोडा घेऊन आला. त्याचे छायाचित्र लेखासोबत अवश्य छापावे. विटा रचणाऱ्या माणसाविरुद्ध मनात काही आणणे वाचकाला फार जड जाते.

नंतर नारूकडे वळावे. या रोगाचे नाव आजच्या मुलांना ठाऊक नाही, हीच त्याच्याविरुद्धच्या लढ्याची पावती आहे. पण पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी प्यालेल्या पिढीला तो दोन-तीन फुटी पांढरा जंत आठवत असेल. पायाला फोड येऊन तो फुटे, जंताचे टोक बाहेर डोकावे आणि मग ते बारीक काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढीत बसावे लागे. घाई केली तर जंत आतच तुटे आणि पाय सडू लागे. आपल्या देशाने हा रोग स्वतःच्या मोहिमेने हद्दपार केला. आफ्रिकेत मात्र कार्टर यांची संस्था गावोगाव पाणी गाळायची कापडे घेऊन पोहोचली. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये ते १४ उरले. यात उपरोध करण्यासारखे काहीही नाही, आणि म्हणूनच हा परिच्छेद लेखाच्या मध्यभागी ठेवावा. वाण्याला तागडीच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवावा लागतो. आपल्या पारड्यात चोख सोने असल्यामुळे दुसरे पारडे मुळी टांगायचीच गरज उरत नाही.

तरीही एखादा खोचक संपादक परराष्ट्र धोरणाविषयी विचारीलच. त्याला प्रथम कॅम्प डेव्हिड द्यावे. सप्टेंबर १९७८ मध्ये इजिप्तचे सादात आणि इस्राएलचे बेगिन यांना तेरा दिवस कोंडून घालून कार्टर यांनी घडवलेला समझोता आजही टिकून आहे. पनामाचा कालवा पनामाला परत देण्याचा करारही द्यावा, कारण घेतलेली वस्तू परत करणारी महासत्ता रोज दिसत नाही. येथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा: चांगल्या निर्णयाचा कर्ता राष्ट्राध्यक्ष असतो आणि वाईट निर्णयाची कर्ती परिस्थिती असते. परिस्थिती अपुरी पडली, तर झबिग्न्येव्ह ब्रेझिन्स्की नावाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होतेच. सल्ला देणाऱ्याने दिला, घेणारा बिचारा भोळा. हे ऐकायला कोणालाही आवडते. त्या भोळ्या माणसाने नौदलाच्या अणुपाणबुडी प्रकल्पावर अभियंता म्हणून काम केले होते आणि समोर आलेला प्रत्येक कागद तो समासात टिपा करीत वाचीत असे, हे मात्र त्याच लेखात लिहू नये. ते ‘कष्टाळू’ या गुणाखाली वेगळ्या ठिकाणी घालावे.

पूर्व तिमोर हे प्रकरण सर्वांत अवघड आहे, म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणे उत्तम. पण फिरवता आली नाही तर काय, याचीही तयारी असावी. इंडोनेशियाने डिसेंबर १९७५ मध्ये त्या चिमुकल्या देशावर आक्रमण केले तेव्हा अध्यक्ष फोर्ड होते, आणि ते परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्यासह आदल्याच दिवशी जकार्तात होते; तेव्हा पाप आधीच्यांचे, असे म्हणून मोकळे होता येते. अडचण अशी, की सर्वांत भीषण काळ १९७७ आणि १९७८ हा होता. डोंगरात आसरा घेतलेल्या माणसांना वेढे घातले जात होते, ब्रॉन्को ही सावकाश आणि खालून उडणारी अमेरिकी विमाने त्यांचा माग काढीत होती, आणि खाली उतरून शरण आलेली कुटुंबे छावण्यांत भुकेने मरत होती. त्याच काळात वॉशिंग्टनहून जकार्ताला जाणारी लष्करी मदत वाढली आणि मे १९७८ मध्ये उपाध्यक्ष मॉन्डेल यांनी तिथे जाऊन आणखी लढाऊ विमाने देण्याचे मान्य केले. त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाने १९७४ ते १९९९ या काळातील संघर्षाचे बळी किमान १,०२,८०० असल्याचे नोंदवले; त्यांतले बहुसंख्य उपासमारीने आणि आजाराने गेले. हा आकडा नारूच्या आकड्याजवळ छापू नये. एका बाजूला वाचलेली माणसे आणि दुसऱ्या बाजूला मेलेली माणसे अशी वजाबाकी करण्याचा मोह काही वाचकांना होतो, आणि ज्याला वाचवले तो तिमोरमधला नव्हता, एवढी साधी गोष्ट मग कोणीतरी बोलून दाखवतो.

एल साल्वादोरची गोष्ट त्याहून लहान आहे, पण तीत एक पत्र आहे आणि पत्रे त्रास देतात. १७ फेब्रुवारी १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी कार्टर यांना लिहिले, की आपण ख्रिस्ती आहात आणि मानवी हक्कांची चाड असल्याचे सांगता, तर आमच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका, ती आमच्याच लोकांवर वापरली जाईल. उत्तर परराष्ट्रमंत्र्यांकडून आले. २४ मार्चला, रुग्णालयातल्या लहानशा प्रार्थनामंदिरात मिस्सा सांगत असताना, रोमेरो यांना गोळी घालण्यात आली. मदत गेली. डिसेंबरात तिथल्या सैनिकांनी चार अमेरिकी धर्मसेविकांना ठार केले तेव्हा ती थांबवण्यात आली, आणि जानेवारी १९८१ मध्ये, पदावरून उतरायला थोडेच दिवस राहिले असताना, शस्त्रांसह पुन्हा सुरू झाली. रविवारच्या बायबलवर्गाचे वर्णन आपण आधीच केले असल्यामुळे येथे धर्माचा विषय पुन्हा काढण्याचे कारण नाही.

उद्धरणे निवडताना डोळ्यांत तेल घालावे. ‘मानवी हक्कांशी आमची बांधिलकी निरपवाद असली पाहिजे’ हे २० जानेवारी १९७७ चे वाक्य घेण्याजोगे आहे. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला तेहरानमधल्या मेजवानीत तिथले राजे शहा यांच्या थोर नेतृत्वामुळे इराण हे ‘स्थैर्याचे बेट’ असल्याचे सांगणारे वाक्य घेण्याजोगे नाही. ते बेट पुढे वर्षभरात क्रांतीत बुडाले. एप्रिल १९७८ मध्ये कंबोडियाच्या ख्मेर रूज राजवटीला जगातील सर्वाधिक हक्कभंजक म्हणणारे वाक्य चालेल, परंतु सप्टेंबर १९७९ मध्ये त्याच हकालपट्टी झालेल्या राजवटीची संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची कायम ठेवण्यासाठी अमेरिकेने मत दिले, हे त्याला जोडू नये. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा डिसेंबर १९७९ मध्ये उतरल्या, एवढेच लिहावे. काबूलच्या साम्यवादी सरकारच्या विरोधकांना गुपचूप मदत देण्याच्या आदेशावर कार्टर यांनी सही केली ती ३ जुलैला, जवळजवळ सहा महिने आधी. तारखा पुढेमागे झाल्या तर वाचक उगाच गोंधळतो.

पाकिस्तानचा उल्लेख मात्र गमतीसाठी करायला हरकत नाही. एप्रिल १९७९ मध्ये भुट्टोंना फासावर चढवणाऱ्या झिया उल हक यांना, नऊच महिन्यांनी, चाळीस कोटी डॉलरची मदत देऊ करण्यात आली, तेव्हा झियांनी ती ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारली. भुईमुगाच्या शेतकऱ्याला हे ऐकावे लागले, हा विनोद वाचकाच्या लक्षात राहतो आणि देऊ करणारा कोण, घेणारा कोण, हा प्रश्न त्याखाली झाकला जातो.

भारताविषयी लिहिताना फारसे बिचकू नये, कारण आपल्या वाट्याला बहुतेक जवळचा हातच आला. तेहरानच्या मेजवानीनंतर दुसऱ्याच दिवशी कार्टर दिल्लीत उतरले, आणि हरियाणातल्या ज्या दौलतपूर नसिराबाद गावाला त्यांनी भेट दिली, त्याने आपले नावच कार्टरपुरी असे ठेवले. त्याच मुक्कामात ध्वनिक्षेपक चालू असल्याचे ध्यानात न आल्यामुळे, परत गेल्यावर मोरारजी देसाईंना आणखी एक पत्र लिहू, अगदी कोरडे आणि रोखठोक, हे त्यांचे स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्यांशी चाललेले बोलणे वार्ताहरांच्या कानी पडले. विषय अणुनिरीक्षणाचा, म्हणजे अखेर आपल्या तारापूरच्या इंधनाचा होता. पुढे १९८० मध्ये खुद्द कार्टर यांनीच अमेरिकी काँग्रेसचा विरोध अंगावर घेऊन तारापूरचे युरेनियम सोडवले, हेही नमूद करावे. थोडक्यात, विक्रोळीला परिचारिका मिळाली, लोणावळ्याला घरे मिळाली आणि तारापूरला फार तर एक कोरडे पत्र. एवढ्या स्वस्तात सुटलेल्या माणसांनी उदार न्याय देणे सोपे असते, आणि तो न्याय साऱ्या जगाच्या वतीने देण्यास कोणाचा मज्जावही नाही.

आता सर्वांत मोलाचे वाक्य. आमच्या काळात आम्ही एकही बाँब टाकला नाही, एकही गोळी झाडली नाही, असे कार्टर यांनी म्हाताऱ्या वयात अभिमानाने सांगितले होते, आणि ते अक्षरशः खोटे नाही. तेहरानच्या दूतावासातले अमेरिकी ओलीस सोडवायला इराणच्या वाळवंटात पाठवलेल्यांपैकी जे आठ सैनिक मेले, तेही आपल्याच विमान आणि हेलिकॉप्टरच्या टकरीत गेले. मराठी वाचकाला ‘नरो वा कुंजरो वा’ शिकवावे लागत नाही, त्यामुळे या वाक्याभोवती फार पिंगा घालू नये. ते ठळक अक्षरात चौकटीत छापावे आणि गोळ्या कोणाच्या कारखान्यातून निघाल्या होत्या, हे त्या चौकटीबाहेर राहील इतकी चौकट आवळ ठेवावी. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, तो त्या एका वाक्यानंतर खाली टेकला, असे व्यासांनी लिहिले आहे. परंतु व्यासांना मृत्युलेखाची शब्दमर्यादा नव्हती.

सज्जनपणाचा इतका साठा प्रत्येक माजी अध्यक्षापाशी नसतो, ही काळजी करू नये. थोडक्यातही भागते. २०१८ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांच्या अंत्यविधीत धाकट्या बुशसाहेबांनी शेजारच्या मिशेल ओबामांच्या हाती घशाची एक गोळी सरकवली, आणि ते चित्रण पाहून कित्येक देशांतले लोक गहिवरले. इराकचे काय झाले होते, हे आठवायला त्या दिवशी कोणाला सवड नव्हती. बुशसाहेब अलीकडे चित्रेही काढतात. कार्टर यांना त्यासाठी पस्तीस वर्षे घरे बांधावी लागली, यावरून त्यांचा भाव किती चढा होता हे कळेल, आणि पुढच्यांना तो किती उतरवून मिळतो हेही.

शेवटची सूचना वेळेबाबत आहे. लेख अंत्यविधीच्या आधी छापून यावा. ९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये पाच आजी-माजी-भावी राष्ट्राध्यक्ष एका ठिकाणी बसले होते, आणि त्यांतला प्रत्येकजण गेलेल्याविषयी जे ऐकत होता, ते स्वतःविषयी कोणत्या शब्दांत म्हटले जाईल याचा अंदाजही घेत असावा. पूर्व तिमोरची राजधानी दिली किंवा एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर येथून एखादे निषेधाचे पत्र आले, तर ते ‘मरणान्तानि वैराणि’ असे लिहून साभार परत करावे. आणि त्या चार वर्षांतले आणखी काही गोपनीय कागद खुले झाल्याचे कळले, तर वाचकांना लवकरच सविस्तर लेखाचे आश्वासन द्यावे. तोवर आपण पुढच्या माजी अध्यक्षाच्या घराचे वर्णन जमवायला लागलेले असाल.