‘रॉयल चार्टर’चे प्रवासी हव्यासापायी मेले नाहीत

२६ ऑक्टोबर १८५९ च्या पहाटे मेलबर्नहून लिव्हरपूलला येणारी ‘रॉयल चार्टर’ ही आगबोट वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या खडकांवर आदळली. सुमारे साडेचारशे माणसं गेली. तेव्हापासून एक गोष्ट चवीने सांगितली जाते: ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून परतणाऱ्यांनी कमरेला सोनं बांधून उड्या टाकल्या, किनारा हाकेच्या अंतरावर होता, पण हव्यासाने तळाशी नेलं. इंजिन होतं, त्यामुळे दोष कप्तानाचा. आणि बाकी काय, वादळापुढे कोणाचं चालतं!

आधी सोन्याचं बघू. काहींच्या अंगावर सोनं होतं, हे खरं. पण त्या बोटीवरची एकही बाई वाचली नाही, एकही मूल वाचलं नाही. त्या मुलांच्या कमरेला कुठलं सोनं होतं? वाचले ते चाळीसएक पुरुष. अनेकांचा जीव बुडून नव्हे, तर लाटांनी खडकांवर आपटल्यामुळे गेला. मृतदेह इतके छिन्नविच्छिन्न झाले होते की ओळख पटवणं कठीण गेलं. अशा मृत्यूला लोभाची शिक्षा म्हणताना जीभ अडखळायला हवी.

किनारा जवळ होता हे तर घाताचं कारण. वारा ईशान्येकडून थेट किनाऱ्यावर येत होता. रात्री नांगर टाकले. मध्यरात्रीनंतर एकाची साखळी तुटली, मग दुसऱ्याची. वाऱ्याचा जोर कमी लागावा म्हणून डोलकाठ्या तोडल्या. बोट आधी वाळूत रुतली. तिथेच राहती तर बरेच जण वाचले असते, पण भरती चढू लागली आणि तिने बोट उचलून खडकांवर नेली. जोसेफ रॉजर्स हा माल्टाचा खलाशी दोर घेऊन त्या लाटांतून पोहत काठाला पोचला, मोएल्फ्रे गावच्या लोकांनी हाताला हात धरून माणसं ओढली. बोट दुभंगली तेव्हा हे काम चालूच होतं.

इंजिनाबद्दल थोडक्यात. २,७०० टनांच्या या बोटीचं इंजिन अवघं २०० अश्वशक्तीचं, वारा पडला की शिडांना हातभार लावण्यापुरतं. तुफानाच्या तोंडावर ती ढकलत नेण्याची त्याची ताकदच नव्हती.

‘वादळापुढे कोणाचं चालतं’ हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. त्या वादळात ब्रिटनभोवती शंभरावर जहाजं गेली. ब्रिटनच्या सरकारी हवामान खात्याचे प्रमुख अॅडमिरल फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून दाखवलं की वादळ कुठून कुठे सरकतंय हे कळू शकतं आणि वाऱ्याच्या पुढे तार पोचू शकते. १८६१ च्या फेब्रुवारीत त्यांच्या खात्याने बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. इशारा मिळाला की बंदरावर खुणेचे शंकू आणि नळकांडी वर चढवली जात आणि ती दिसली की जहाजं बंदरातच थांबू शकत.